स्क्रेपिंग निगेटिव्ह आलं तरी खरूज असू शकते
बऱ्याच जणांना वाटतं की कुत्र्याचं स्किन स्क्रेपिंग (त्वचा खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली किडे शोधण्याची तपासणी) निगेटिव्ह आलं, म्हणजे खरूज नाही. इतकं सरळ नसतं ते. खाज प्रचंड असली तरी सारकॉप्टिस, म्हणजे खरूज करणारे सूक्ष्म किडे, अंगावर मोजकेच असू शकतात. कानाच्या कडा, कोपरं अशा अनेक जागा खरवडूनही एकही हाती लागत नाही. लक्षणं जुळत असतील तर डॉक्टर उपचार सुरू करून बघतात, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

डेमोडेक्स या त्वचेतल्या दुसऱ्या सूक्ष्म किड्याचं वेगळं. तो केसांच्या मुळाशी राहतो, म्हणून त्वचा चिमटीत दाबून, किंचित रक्त दिसेपर्यंत खरवडावं लागतं. तेलाच्या थेंबात, 100 पट मोठं करून पाहिलं की लांबट, सिगारसारखा, पुढच्या भागात आठ आखूड पाय असलेला किडा लगेच ओळखू येतो.

बायोप्सी (त्वचेचा छोटा तुकडा काढून तपासणं) करायची असेल तर कळकळीने सांगते: त्याआधी ती जागा घासूनपुसून स्वच्छ करू नका. पेम्फिगस फोलिएशसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर उलटते असा आजार; हा मांजरांनाही होतो) त्वचेच्या एकमेकींपासून सुटलेल्या गोल पेशी बऱ्याचदा खपलीतच सापडतात. खपली गेली की निदानही हातचं जाऊ शकतं. स्टेरॉइड चालू असेल तर तेही डॉक्टरांना आधीच सांगा, त्याने स्लाइडवरचं चित्र बदलतं.