'ओइदा' : रूप पूर्णकाळाचे, अर्थ वर्तमानाचा

प्राचीन ग्रीकमधील 'ओइदा' म्हणजे 'मला ठाऊक आहे' हे वर्तमानकाळी रूप आहे, असे एक विधान आहे. अर्थ बरोबर आहे, परंतु रूप पूर्णकाळाचे (क्रिया पूर्ण झाल्याचे दाखवणाऱ्या काळाचे) आहे, आणि हा भेद सोडून चालणार नाही. मूळ धातू 'पाहणे' या अर्थाचा असल्यामुळे ('एइदोन', म्हणजे 'मी पाहिले', हेही त्याचेच रूप) जे पाहून झाले ते आता ठाऊक आहे, असा हा अर्थ बनला. एकवचनी 'ओइदा, ओइस्था' ('मला, तुला ठाऊक आहे') यांच्यासमोर अनेकवचनी 'इस्मेन' ('आम्हाला ठाऊक आहे') ठेवले, की संस्कृतातील 'वेद, वेत्थ, विद्म' लगेच आठवतात; स्वरबदल तोच आणि द्वित्वाचा (धातूचा आरंभ दोनदा येण्याचा) अभावही तोच. संस्कृतात दिसणारा आरंभीचा 'व' ग्रीकमध्ये लोपला, तरी प्राचीन ग्रीक महाकवी होमरच्या वृत्तात त्याच्या खुणा राहिल्या आहेत. 'मला ठाऊक होते' यासाठी मात्र पूर्णभूतकाळी 'एदेइन' वापरावे लागते.