रेल्वेने लढाया जिंकल्या म्हणे, मग खेचरं काय करत होती?

रूळवेडा: माझं सरळ मत, १९व्या शतकात लढाईत सगळ्यात मोठा फरक रेल्वेने पाडला, तोफाबिफा नंतर. १८६४ ला अमेरिकन यादवीत उत्तरेचा जनरल शर्मन दक्षिणेतल्या अटलांटावर गेला, एक लाख माणसं, ३५ हजार जनावरं, आणि सगळ्यांची रसद लुइसव्हिलपासून ४७३ मैल एका लाईनवरून, १९६ दिवस! त्यानेच नंतर हिशोब मांडलाय, रेल्वे नसती तर ३६,८०० गाड्या लागल्या असत्या, प्रत्येकीला सहा खेचरं. त्यांना चारा कुठून आणणार?

खेचरवाला: आणि नोव्हेंबरात काय केलं ते सोयीस्कर गाळलंत की! त्याच शर्मनने रूळ उखडले, स्लीपरच्या होळीवर लाल होईस्तोवर तापवून झाडांना गुंडाळले आणि साठेक हजार माणसं घेऊन थेट समुद्रकाठचं सव्हाना. वाटेत शेतातलं धान्य, डुकरं, मिळेल ते उचललं. कुठेय रेल्वे?

रूळवेडा: अहो चालत होता म्हणून जमलं. आज या गावचं ओरबाडलं, उद्या पुढच्या. अटलांटापुढे महिनाभर मुक्काम होता तेव्हा हेच केलं असतं तर उपाशी मेले असते सगळे.

एकेरी लाईन: दोघंही १८७० चं फ्रान्स-प्रशिया युद्ध विसरताय. प्रशियाने, म्हणजे जर्मनांनी, रेल्वेने फौज झटपट फ्रान्सच्या सीमेवर उतरवली, मान्य. पण पुढे फ्रेंचांचा तूलचा किल्ला २३ सप्टेंबरपर्यंत लाईन अडवून बसला आणि जर्मन त्याआधीच पायी पॅरिसला! मागे स्टेशनांत भरलेले डबे तुंबलेले, उतरवायला ना माणसं ना गाड्या, खाणं तिथेच सडलं. कोकण रेल्वेत क्रॉसिंगला तासभर रखडलेल्यांना हे सांगायला नको, एक गाडी अडली की मागची सगळी लाईन अडते. अमेरिकन यादवीत उत्तरेच्या लष्करी रेल्वेचा प्रमुख हर्मन हाउप्ट हेच ओरडून सांगत होता, डबा आला की रिकामा करा, गोदाम करू नका, रिकामा परत पाठवा. तरी ऑगस्ट १८६२ ला उत्तरेच्याच जनरल स्टर्जिसने आपल्या माणसांसाठी गाड्या अडवल्याच, वरून हुकूम आणावा लागला.

खेचरवाला: हेच म्हणतोय मी! आणि उतरवलेला माल छावणीपर्यंत कोण नेणार, इंजिन?

रूळवेडा: खेचरच नेणार हो. पण ४७३ मैल नाही ना.