विंडोज ९५ च्या फ्लॉप्या वाचताना डेटा एरर: फ्लॉप्या खराब की ड्राइव्ह?

वेंगुर्ले_बंदर:
काजू कारखान्यात जुना पेंटियम आहे. १६ एमबी रॅम, १.२ जीबी हार्ड डिस्क, सीडी ड्राइव्ह नाही, यूएसबी नाही. वजनकाट्याचं कार्ड आयएसए या जुन्या प्रकारच्या स्लॉटमध्ये बसतं आणि त्याचं सॉफ्टवेअर विंडोज ९५ वरच चालतं, म्हणून विंडोज नव्याने टाकायचं आहे. १३ फ्लॉप्यांचा मूळ संच आणि वेगळी बूट फ्लॉपी आहे. संच तीन पावसाळे लाकडी कपाटात पडून होता. बूट नीट होतं. सेटअप चौथ्या फ्लॉपीवर "डेटा एरर रीडिंग ड्राइव्ह ए" दाखवून अडतो. आधी बरी चालणारी दुसरी फ्लॉपीही आता अडखळू लागली आहे. संचाच्या इमेज फाइली (प्रत्येक फ्लॉपीची हुबेहूब प्रत) लिनक्सच्या लॅपटॉपवर आहेत, पण यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हने फक्त पहिली लिहिली गेली. बाकी बाराही जागा संपली म्हणून अडतात. काय बदलू?

खाडीपलीकडे:
आधी ड्राइव्हमध्ये फ्लॉपी घालणं थांबवा. चांगली फ्लॉपी नंतर बिघडली, याचा अर्थ चौथीवरचा मळ हेडला (ड्राइव्हच्या वाचणाऱ्या भागाला) चिकटला आहे आणि तेच हेड आता पुढच्या प्रत्येक चकतीवर घासतंय. रिट्राय दाबत राहिलात तर संच हातचा जाईल.

शटर बोटाने सरकवून धरा, मागचं धातूचं चाक हळूहळू फिरवा आणि चकती तिरप्या उजेडात बघा. राखाडी-पांढरे ठिपके किंवा जाळी म्हणजे बुरशी. आपल्याकडच्या दमट हवेत हे होतंच, आणि ती निघते. गोल चकचकीत रेघ दिसली तर मात्र तिथला लेप खरवडला गेला आहे. तो डेटा परत येत नाही.

बुरशीसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि फोमची काडी घ्या. मेडिकलमधलं सर्जिकल स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. कापसाचे धागे आत राहतात, म्हणून कापूसही नको. दोन-तीन थेंब काडीवर घेऊन, चाक फिरवत, अजिबात दाब न देता दोन्ही बाजू पुसा. काडी मळली की लगेच नवी. १५ मिनिटं वाळू द्या. चकतीला लागून असलेल्या आतल्या पांढऱ्या कापडातही बुरशी असते, त्यामुळे फार लागण झालेली चकती दुसऱ्या टाकाऊ फ्लॉपीच्या स्वच्छ कवचात हलवणं बरं.

ड्राइव्हचं वरचं झाकण काढून दोन्ही हेडही त्याच अल्कोहोलने पुसा. वरचं हेड उचलायचं झालं तर अगदी थोडं; ते पातळ पट्टीवर असतं, ती वाकली की ड्राइव्ह संपला. मग कोरी फ्लॉपी घालून "फॉरमॅट ए: /यू" चालवा. शेवटी १४,५७,६६४ बाइट मोकळे आणि एकही बॅड सेक्टर नाही, असं आलं तर ड्राइव्ह ठीक आहे. त्याशिवाय मूळ संचाला हात लावू नका.

आणि कृपा करून फ्लॉप्यांना ऊन दाखवू नका. आंबोशीला ऊन चालतं, फ्लॉपीचं कवच वाकतं. साफ झाल्यावर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा.

जुना_कंट्रोलर:
वरचं सगळं बरोबर. एररचा मजकूरही नीट वाचा. "डेटा एरर" म्हणजे सेक्टर सापडला पण आतला डेटा जुळला नाही; हा बहुतेक मळ किंवा बुरशी. "सेक्टर नॉट फाउंड" म्हणजे सेक्टरची खूणच दिसली नाही. तिथे हेडच्या अलाइनमेंटचाही संशय घ्यावा. एरर दर वेळी वेगळ्याच कॅबवर (सेटअपच्या कॉम्प्रेस केलेल्या फाइलवर) येत असेल तर मात्र रॅम तपासा.

आता इमेजचा प्रश्न. पहिली फाइल १४,७४,५६० बाइटची असेल आणि बाकीच्या १७,२०,३२० च्या. दुसऱ्या फ्लॉपीपासून पुढे डीएमएफ फॉरमॅट आहे: ट्रॅकवर १८ ऐवजी २१ सेक्टर. यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हना बहुधा १.४४ एमबी आणि ७२० केबी एवढंच येतं, म्हणून त्यात त्या कधीच लिहिल्या जाणार नाहीत. "डिस्ककॉपी"लाही डीएमएफची प्रत करता येत नाही.

पण इमेज आहेत तर १३ फ्लॉप्यांची गरजच काय? बूट फ्लॉपीने जुन्या मशिनवरच "एफडिस्क" (डिस्कचे भाग पाडणारी कमांड) आणि "फॉरमॅट सी: /एस" करा. हे लॅपटॉपवर करू नका. जुन्या बायोसचं डिस्क मोजण्याचं गणित वेगळं असतं, नंतर बूट होत नाही. मग हार्ड डिस्क काढून आयडीई ते यूएसबी अडॅप्टरने लॅपटॉपला जोडा (साडेतीन इंची डिस्कला अडॅप्टरचा वेगळा १२ व्होल्टचा पॉवर लागतो, जंपर मास्टरवर). इमेज लिनक्समध्ये माउंट करून तेराही फ्लॉप्यांतल्या फाइली एकाच फोल्डरमध्ये टाका. सगळं मिळून २२ एमबीच्या आत बसतं. डिस्क परत जुन्या मशिनमध्ये बसवून त्या फोल्डरमधून सेटअप चालवा. त्याआधी बायोसमधलं व्हायरस वॉर्निंग बंद करा, नाहीतर बूट सेक्टर लिहिताना अडकतं.

अडॅप्टर मिळाला नाही तर साफ केलेल्या फ्लॉप्यांवरून कॅब "एक्स्ट्रॅक्ट /सी"ने हार्ड डिस्कवर आणा. डीएमएफसाठीच तो स्विच दिला आहे.

वेंगुर्ले_बंदर:
अडॅप्टरला आठवडा लागेल, म्हणून फ्लॉप्या साफ करून एक्स्ट्रॅक्ट करतोय. फॉरमॅटची चाचणी निर्दोष आली, चौथीही वाचली गेली. पण पाचवी घातली तरी "डिर" या यादीच्या कमांडमध्ये चौथीच्याच फाइली दिसतात.

खाडीपलीकडे:
फ्लॉपी बदलल्याचा सिग्नल पोहोचत नाहीये. तो केबलच्या ३४ व्या तारेवर असतो. तो मिळाला नाही की डॉसला तीच फ्लॉपी आत आहे असं वाटतं आणि जुनीच यादी दाखवली जाते. या अवस्थेत काही लिहिलं गेलं तर चौथीचा फॅट (फाइली कुठे आहेत याची नोंद) पाचवीवर जाऊन पाचवी नासेल. सगळ्या फ्लॉप्यांची लिहिण्याची खिडकी आत्ताच उघडी करा. आरपार भोक दिसलं पाहिजे.

खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना हिरवट पडल्या आहेत का बघा. ड्राइव्हकडच्या आणि मदरबोर्डकडच्या दोन्ही टोकांना काँटॅक्ट क्लीनर मारा, तरी नाही जमलं तर केबलच बदला. लाल कड एक नंबरच्या पिनकडे आणि पीळ असलेलं टोक ड्राइव्हकडे. दिवा सतत पेटून राहिला तर केबल उलटी बसली आहे. काही ड्राइव्हवर डीसी आणि आरडीवाय असा जंपर असतो. तो डीसीवर हवा.

जुना_कंट्रोलर:
केबल बदलूनही तसंच राहिलं तर ड्राइव्हच्या जागी गोटेक बसवा, म्हणजे पेनड्राइव्हवरच्या इमेज फ्लॉपीसारख्या वाचून देणारं यंत्र. त्यात फ्लॅशफ्लॉपी फर्मवेअर हवं, पेनड्राइव्ह फॅट३२. सेटिंगच्या फाइलमध्ये इंटरफेस "आयबीएमपीसी" ठेवायला विसरू नका. मूळच्या शुगार्ट सेटिंगमध्ये ३४ व्या पिनवर बदलाच्या सिग्नलऐवजी रेडी येतो, आणि तुमची हीच अडचण पुन्हा उभी राहील. डीएमएफच्या इमेज तो थेट वाचतो.