मदत हवी आहे : दगड-मातीच्या घरात लाकडी पट्ट्याचा कोपरा कसा जोडावा? (नेपाळ)

जाजरकोट भागात नोव्हेंबर 2023 च्या भूकंपात पडलेली घरं पुन्हा उभी करायला आठ स्वयंसेवक निघालेत. भिंत 450 मिमी जाड, दगड चिखलात रचलेले. आरपार दगडांचं (भिंतीच्या पूर्ण जाडीभर जाणारे लांब दगड) ठरलंय: दर 600 मिमी उंचीला एक ओळ, आडवं अंतर 1.2 मीटरच्या आत. ते नसले की भिंतीचे आतला-बाहेरचा असे दोन पदर सुटतात, पोट फुगतं आणि भिंत बसते. किल्लारीला 1993 मध्ये अशीच घरं पडली, म्हणून लातूर-धाराशिवकडच्या जाणत्यांना खास विचारतोय.

अडलंय ते पट्ट्यापाशी. भिंती एकमेकींना बांधून ठेवणारा शिडीसारखा पट्टा: 75 × 38 मिमीची दोन लांब लाकडं, त्यांवर दर 500 मिमीला 50 × 30 ची आडवी. कोपऱ्यात अर्धी-अर्धी खाच करून खिळा ठोकला की टोकाशी लाकूड चिरतं. ओलं लाकूड वाळलं की सांधा ढिला पडतो, मग पट्टा असून नसल्यासारखाच. आधी बारीक भोक पाडून खिळा मारणं पुरेल, की लाकडी खुंटी बरी? टोकं कोपऱ्याबाहेर किती सोडावीत?

चिखल किती दिवस मुरवावा, तेही सांगा. स्वयंसेवकांकडे दगड वाहणं, माती चाळणं, चिखल तुडवणं एवढंच ठेवलंय. रचाई गावच्या मिस्त्रींचीच. नवख्या हातांनी कोपरे बिघडतात आणि मिस्त्रींची मजुरीही बुडते.

पावसाळ्याआधी छपराखालचा पट्टा बसायलाच हवा. कोपऱ्याचा फोटो असेल तर जरूर टाका.