मदत हवी आहे: २^६७ − १ चा अवयव हाताने कसा शोधावा?

२^६७ − १ म्हणजे १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, एकवीस अंकी. फ्रेंच गणितज्ञ ल्युकासने १८७६ मध्ये ती मूळ संख्या नसल्याचे दाखवले, अवयव मात्र १९०३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ कोलने दिले: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. गुणाकार पडताळून झाला, तो प्रश्न नाही. दहावीच्या मुलांना शोध कसा लागतो ते दाखवायचे आहे, संगणकाशिवाय; साधा कॅल्क्युलेटर चालेल.

मूळ अवयव १३४क + १ असाच हवा (क पूर्ण संख्या). शिवाय त्याला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ उरायला हवी, म्हणून ४ ने भागल्यावर क ची बाकी ० किंवा १. मग ३, ५, ७ चे विभाज्य गाळले. पण लहान अवयवासाठी क = १४४५५८०, म्हणजे तिथवर तीन लाखांहून जास्त उमेदवार उरतात! भागाकारातल्या बाकीच्या गणितापलीकडचे मुलांना झेपणार नाही. एवढ्यावर ही चाळणी आणखी बारीक कशी करता येईल?