१९३९ चा रुपया: वजन बरोबर, पण साल?
एकाने आपल्याकडच्या १९३९ च्या चांदीच्या रुपयाचा फोटो टाकून म्हटलंय की वजन ११.६६ ग्रॅम भरलं, सोनाराने कसही बघून दिला, म्हणजे रुपया अस्सल. रुपया अस्सल असेलही हो, पण त्यावरचं साल अस्सल आहे का हा वेगळा प्रश्न आहे. ब्रिटिश राजा सहाव्या जॉर्जचा १९३८ चा रुपया सहज मिळतो, १९३९ चा दुर्मिळ आणि महाग, आणि दोन्ही ९१.७ टक्के चांदीचे, वजनही तेच, त्यामुळे ३८ च्या आठाची खालची डावी बाजू कोरून काढली की नऊ तयार, मग काटा आणि कसोटी काय सांगणार?

दहापटीचं भिंग घ्या आणि सालातले दोन नऊ शेजारीशेजारी ताडून बघा. जुन्या बाजारात मी एक हाताळला होता, त्यात शेवटच्या नऊचं शेपूट पहिल्यापेक्षा बारीक होतं आणि पोटाखालची जागा जराशी खोलगट, तिथे बारीक ओरखडे, नाणं तिरपं धरलं की तेवढाच ठिपका वेगळा चमकायचा. विकणारा म्हणे वापरून झिजलंय, आता फक्त एकाच आकड्याच्या बगलेत झीज कशी होते ते त्यालाच ठाऊक! आणि फोटो टाकलाय त्यात वरच्या बाजूला, घड्याळात बारा असतात त्या जागी, कडेचे दाते सपाट दिसतायत, तिथे बहुतेक माळेची कडी डाखवलेली असणार, म्हणजे साल खरं निघालं तरी संग्राहक पूर्ण भाव देणार नाही. आणि साल खोटं निघालं तर साधारण पावणेअकरा ग्रॅम चांदीचे पैसे, बास.