बामणोलीच्या बोटीवरचं जुनं ४० हॉर्स: भंगारातला पॉवर ट्रिम बसेल का?

शिवसागर_४०
फायबर बोट, मागे यामाहा ४० हॉर्स टू-स्ट्रोक, लाँग शाफ्ट, दोरीने चालू होणारं, टिल्ट (इंजिन मागून वर उचलणं) हाताने. उन्हाळ्यात धरण उतरलं की बामणोली-तापोळ्याच्या काठाला नुसता गाळ, इंजिन सारखं उचलावं लागतं. त्याच कंपनीच्या मोठ्या इंजिनाचं पॉवर ट्रिम युनिट, म्हणजे विजेच्या मोटरने आणि तेलाच्या दाबाने इंजिन वरखाली करणारं, भंगारात मिळतंय. मोटर, टाकी, सिलिंडर एकत्र आहेत, ब्रॅकेट नाहीत. माल कोकणातला, खाऱ्या पाण्यातला. बोटीवर बॅटरी नाही. घेण्याआधी काय बघू?

कराडचा_फिटर
ब्रॅकेट नसतील तर घेऊच नका. युनिट दोन्ही क्लॅम्प ब्रॅकेटच्या (इंजिन बोटीच्या मागच्या फळीला पकडतात ती) मधल्या जागेत बसतं आणि हाताने उचलायच्या इंजिनात ती जागा बहुतेक वेळा पुरत नाही. शिवाय मोठ्या युनिटला मधल्या टिल्ट सिलिंडरशिवाय दोन आखूड ट्रिम रॉड असतात. ते स्विव्हल ब्रॅकेटला (इंजिन ज्यात वळतं आणि ज्याच्यासकट वर उचललं जातं) खालून रेटतात. तुमच्या ब्रॅकेटला त्या जागी टेकायला पॅडच नाही, म्हणजे रॉड थेट ॲल्युमिनियममध्ये घुसणार आणि पुढेमागे तडा जाणार. वेल्डिंग करून पॅड बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. पंख्याचा सगळा रेटा त्याच ओतकामावर येतो.

शोधायचंच तर तुमच्याच मॉडेलच्या पॉवर ट्रिमवाल्या इंजिनाचा पूर्ण संच शोधा: दोन्ही क्लॅम्प ब्रॅकेट, स्विव्हल ब्रॅकेट, युनिट, वरखालच्या पिना आणि बुश. शाफ्टची लांबी जुळायला हवी. शॉर्ट म्हणजे १५ इंच, लाँग २०. स्विव्हल ब्रॅकेट दोन्हीचं वेगळं.

आणखी एक, बरेच जण विसरतात. जुन्या इंजिनाला रिव्हर्समध्ये धरून ठेवणारा हूक असतो. ट्रिम बसवल्यावर ते काम तेल करतं, त्यामुळे हूक आणि त्याची लिंक काढून टाका. राहिला तर सिलिंडर उचलतोय आणि हूक धरतोय, अशी ओढाताण होऊन ब्रॅकेटच जातं.

कुपवाड_हायड्रॉलिक
वरच्याशी सहमत. संच मिळाला तरी पैसे देण्याआधी दुकानातच युनिट व्हाइसमध्ये धरून चालवून बघा. मोटरला दोन जाड वायरी असतील तर १२ व्होल्टची बॅटरी थेट लावा, उलटी लावली की दिशा बदलते. बहुधा निळी वर, हिरवी खाली.

मोटर भन्नाट फिरते पण रॉड हलत नाही: तेल कमी, नाहीतर मॅन्युअल व्हॉल्व्हचा (सैल केला की इंजिन हाताने उचलता येतं, तो) स्क्रू सैल. मोटर गुरगुरते आणि वायर तापते: पंप जाम किंवा आर्मेचर (मोटरचा फिरता गाभा) गंजलंय. रॉड वर जाऊन वजनाखाली हळूहळू बसतो: पिस्टनचं सील, चेक व्हॉल्व्हमध्ये (तेल एकाच दिशेने जाऊ देणारा) कचरा किंवा मॅन्युअल व्हॉल्व्हची ओ-रिंग. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरलंय. रॉडवर नखाला लागेल असा गंजाचा खड्डा असेल तर सोडून द्या, नवं सील तिथेच फाटतं.

तेल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं). इंजिन पूर्ण वर घेऊन, टेकू लावून मगच झाकण उघडा. खाली असताना उघडलंत तर तेल दाबाने अंगावर येतं. चार-पाच वेळा वरखाली करा, हवा निघाली की पातळी पुन्हा बघा.

शिवसागर_४०
म्हणजे हे युनिट सोडतो. संच मिळाला तर बॅटरी केवढी लागेल? या इंजिनावर चार्जिंगला फक्त लाइटिंग कॉइल (दिव्यांपुरती वीज देणारी) आहे.

वायरिंग_सातारा
बॅटरीची भीती उगाच. उचलताना ३० अँपिअर धरा, १५ सेकंद. म्हणजे ०.१२५ अँपिअर-तास. कॉइलने ५ अँपिअर दिले तरी दीड-दोन मिनिटांत भरपाई. गाडीची ३५ अँपिअर-तासाची पुरे. फक्त कॉइल एसी देते, मध्ये रेक्टिफायर-रेग्युलेटर (एसीचं डीसी करून व्होल्टेज आवरणारा) घालाच, नाहीतर बॅटरी चार्ज होणारच नाही.

पाच पिनांचे ४० अँपिअरचे दोन रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारे स्विच) घ्या. दोन्हीची ३० नंबर मोटरच्या एकेका वायरला, ८७ बॅटरी प्लसला, ८७ए मायनसला. ८६ स्विचमधून प्लस, ८५ मायनस. स्विच सोडला की मोटरच्या दोन्ही वायरी मायनसला येतात, मोटर जागच्या जागी थांबते. केबल १० स्क्वेअर एमएम, ब्रेकर ४० अँपिअरचा, तोही बॅटरीजवळ. रिले उंचावर, पाणी उडणार नाही तिथे.

कराडचा_फिटर
बसवताना इंजिन चेन ब्लॉकवर घ्या, सत्तर-पंच्याहत्तर किलोचा ऐवज आहे. बोल्टना मरीन ग्रीस लावा. स्विच दाबण्याआधी मॅन्युअल व्हॉल्व्ह सैल करून इंजिन एकदा हाताने पूर्ण वर न्या. गिअर-थ्रॉटलच्या केबल आणि पेट्रोलची नळी कुठे ताणते, कव्हर बोटीच्या मागच्या फळीला लागतं का, ते तेव्हाच कळतं. मग व्हॉल्व्ह घट्ट करा. सैल राहिला तर रिव्हर्स टाकताच इंजिन उसळून वर येईल.

आणि कोकणातल्या ब्रॅकेटवर झिंकचा ॲनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू गंजण्यापासून वाचवणारा तुकडा) असेल. गोड्या पाण्यात त्याच्यावर थर चढून तो निकामी होतो. मॅग्नेशियमचा लावा.